विसावा पीसी

गिरगावातल्या एका शाळेच्या संगणक कक्षात गेल्या जुलैत वीस जुने पीसी पुन्हा उभे करायचे होते. डीव्हीडी ड्राइव्ह बहुतेकांचे बंद पडलेले. म्हणून एका लॅपटॉपलाच सर्व्हर केलं आणि नेटवर्कवरून डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम चढवायला घेतली. एकोणीस पीसी झाले, विसावा मात्र काही केल्या होईना. पहिल्या खेपेला 'कर्नल पॅनिक' (सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नलच, कोलमडणं), दुसऱ्या खेपेला फाइल उलगडतानाच त्रुटी, तिसऱ्यांदा निम्मं इन्स्टॉल होऊन स्क्रीन गोठला. पावसाळी हवा, गंजलेले सॉकेट. सगळ्यांचा संशय केबलवर गेला.

नेटवर्कवरून सुरू होणारा पीसी आधी कोरा असतो. तो डीएचसीपी या नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या पद्धतीने 'मला पत्ता द्या' अशी हाक घालतो. पत्त्यासोबत सर्व्हरचं आणि फाइलचं नाव मिळतं. मग टीएफटीपी नावाच्या, 1981 पासून चालत आलेल्या साध्यासुध्या पद्धतीने फाइल उतरू लागते. बांधकामावर पाट्या टाकतात तसंच हे काम: 512 बाइटची एक पाटी पोचली, तिची पोच आली, की दुसरी. अशा रीतीने कर्नल आणि इनिटआरडी ही आवळून बांधलेली छोटी फाइल सिस्टीम थेट रॅममध्ये येऊन बसते. डिस्कला अजून हातही लागलेला नसतो.

बिघाड शोधताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: गाडी दर वेळी एकाच जागी अडते की वेगवेगळ्या?

एकाच जागी अडत असेल तर दोष बहुधा फाइलमध्ये किंवा मांडणीत असतो. उदाहरणार्थ, टीएफटीपीत पाटीचा क्रमांक 16 बिटांचा, म्हणजे 65,535 पर्यंतच. 512 बाइटच्या हिशेबाने साधारण 32 एमबी झाले की आकडे संपतात. काही सर्व्हर पुन्हा शून्यापासून मोजतात, काही तिथेच थांबतात. डेबियनमध्ये इन्स्टॉलरच्या फाइली जुन्या आणि भांडारातला कर्नल नवा असेल, तर कर्नलचे जोडभाग, म्हणजे मॉड्यूल, सापडत नाहीत, तेही दर वेळी त्याच पायरीवर. पीसी सुरू करणारी मूळ प्रणाली नव्या पद्धतीची (यूईएफआय) असताना जुन्या पद्धतीची (बायोस) फाइल दिली, तर गाडी फलाटच सोडत नाही.

आमचा विसावा पीसी मात्र दर वेळी नव्या जागी कोसळत होता. मग केबल? इथरनेटच्या, म्हणजे केबलवरच्या नेटवर्कच्या, प्रत्येक फ्रेमच्या (डेटाच्या पुडक्याच्या) शेपटाला 32 बिटांची सीआरसी ही पडताळणीची बेरीज असते. वाटेत एखादा बिट उलटला की बेरीज जुळत नाही आणि फ्रेम टाकून दिली जाते. त्यामुळे खराब केबलने काम रेंगाळतं, टाइमआउट येतो. चुकीचा डेटा गुपचूप आत शिरणं फार क्वचित घडतं. घरगुती पीसीच्या साध्या रॅमला मात्र असा राखणदार नसतो. त्यात इनिटआरडी आवळलेली. एक बिट बिघडला तरी पुढचं सगळं उलगडणं फसतं. रोजच्या वापरात जो खराब कोपरा महिनोन्महिने झाकलेला राहिला असता, तो इथे पहिल्याच मिनिटात अंगावर येतो.

म्हणून रॅम तपासणारा मेमटेस्ट86+ हा प्रोग्रॅम लावला. तो नेटवर्कवरूनच सुरू होतो, पेनड्राइव्ह लागत नाही. दहा मिनिटांत चुका दाखवणाऱ्या लाल ओळी उमटायला लागल्या. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, सोनेरी दाते खोडरबरने हलक्या हाताने घासले, कारण मुंबईच्या दमट हवेत नुसत्या काळपट थरानेही असं होतं. पुन्हा बसवल्या. लाल ओळी परत आल्या, अगदी त्याच पत्त्यांवर.

मग एकेक पट्टी वेगळी तपासली. एक चोख निघाली. दुसरी मुद्दाम शेजारच्या चांगल्या पीसीत घातली, तर लाल ओळी तिच्याबरोबर तिकडे गेल्या. विसाव्याला चांगली पट्टी एकटीच ठेवून तीच केबल, तोच सर्व्हर, त्याच फाइली दिल्या. इन्स्टॉल पहिल्या फटक्यात पूर्ण झालं.