पार्श्वभूमी : इंग्रजी बायबलमधला ‘तो’ आणि ‘ते’

बायबल इंग्रजीत आणणारा टिंडेल, त्याला १५३६ मध्ये झालेला देहदंड, १६११ ची राजाच्या नावाने ओळखली जाणारी आवृत्ती, हे सगळं वाचकांना ठाऊक असेलच. इंग्रजी बायबलमध्ये ‘तो’ म्हणावं की ‘ते’, अशा आजच्या वादांची मुळं मात्र त्या काळात फारशी सापडत नाहीत. ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधल्या कचऱ्याच्या ढिगांत सापडतात. तिथल्या पपायरसांवर (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांवर) पावत्या, करारनामे, घरची पत्रं, तक्रारअर्ज होते, आणि त्यांची ग्रीक बरीचशी नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ताविषयीच्या भागातल्या, ग्रीकसारखीच निघाली. तोवर ही काही वेगळी, पवित्र ग्रीक असावी असं मानणारे बरेच होते. मूळ मजकूरच बाजारातल्या भाषेत असेल, तर इंग्रजीने दरबारी अंगरखा कशाला घालायचा?

मग प्रयत्नांची रांग लागली. सुमारे वीस हौशी स्त्रीपुरुषांनी केलेलं नव्या कराराचं भाषांतर १९०१ पर्यंत पुरं झालं. १९६६ मध्ये रेखाचित्रांसह, छोट्या वाक्यांचा, कागदी बांधणीचा नवा करार आला आणि लाखोंनी खपला. १९७१ मध्ये एका बापाने स्वतःच्या मुलांसाठी सुरू केलेलं सोपं रूपांतर पूर्ण ग्रंथ म्हणून बाहेर पडलं. (आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल १९२४ चं, म्हणजे त्यांच्या निधनानंतरचं. साध्यासुध्या माणसांना कळावं हा आग्रह त्यामागेही होता.) १९७८ ला आलेल्या, ना फार शब्दशः ना फार सैल अशा ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्जन’ या आवृत्तीने अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल (बायबलच्या शब्दाला प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) चर्चांमध्ये इतकं बस्तान बसवलं की पुढचं भांडण तिच्यावरूनच झालं.

तोवर रोजच्या इंग्रजीत ‘मॅन’ म्हणजे सगळी माणसं, हा वापर मागे पडू लागला होता. म्हणून १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये याच आवृत्तीचं सर्वसमावेशक, म्हणजे स्त्रीपुरुष दोघांना धरून शब्द वापरणारं, रूप निघालं. तिथे फारशी खळखळ झाली नाही. अमेरिकेतही तसंच येणार अशी बातमी १९९७ च्या वसंतात एका साप्ताहिकाने दिली आणि रान पेटलं. मे महिन्यात बैठक बसली, बेत मागे घेतला गेला आणि लिंगवाचक शब्द कसे भाषांतरित करावेत याची नियमावली निघाली. ‘बंधूंनो’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचं ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ करू नये, असं तीत होतं. पण ग्रीक कोशांत बहीणभावंडांसाठी मिळून तोच शब्द वापरल्याचे दाखले होते. सप्टेंबरात नियम गुपचूप म्हणावा इतक्या शांतपणे सैल करण्यात आला. मेमध्ये कोश उघडून पाहिला असता तर बरंच काही टळलं असतं.

तरीही विरोधकांचा एक मुद्दा दमदार होता. प्रकटीकरण या बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्त दाराशी उभा राहून ठोठावतो. जो दार उघडेल, ‘त्याच्याबरोबर मी जेवीन आणि तो माझ्याबरोबर’. २००५ मध्ये पूर्ण निघालेल्या पुढच्या सर्वसमावेशक आवृत्तीत इथे ‘देम’ (त्यांच्या) आणि ‘दे’ (ते) हे अनेकवचनी शब्द आले. एकट्याच्या घरातलं जेवण पंगत झाली, असा आक्षेप. एका व्यक्तीसाठी ‘दे’ म्हणणं इंग्रजी बोलण्यात शतकानुशतकं रुळलेलं आहे, हे उत्तर. एकाच वडीलधाऱ्या माणसाला ‘ते आले’ म्हणणाऱ्या आपल्याला यात अडखळायला होत नाही. पण धर्मग्रंथात एकवचन पुसट होणं खटकणाऱ्यांना केवळ हट्टी ठरवणंही बरोबर नाही. २०११ च्या सुधारणेत तडजोड दिसते : आधी ‘त्या व्यक्तीबरोबर’, मग ‘दे’. स्तोत्रसंहिता या बायबलमधल्या भजनांच्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीतला ‘धन्य तो पुरुष’ २००५ मध्ये अनेकवचनी झाला होता. तो आता ‘धन्य तो एक जण’ अशा वळणाने पुन्हा एकवचनात आला.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने अधिवेशनात या सुधारणेविरुद्ध ठराव केला. ठरावाची भाषा कडक होती. २०१७ मध्ये त्याच पंथाच्या प्रकाशनसंस्थेने स्वतःच्या आधीच्या भाषांतराची सुधारित आवृत्ती काढली. तीत नव्या करारातल्या, ख्रिस्ताचा आरंभीचा प्रचारक पौल याच्या पत्रांमध्ये जागोजागी छापलं आहे : ‘बंधूंनो आणि भगिनींनो’.