पासिंग ओळखणे

पासिंग ओळखणे म्हणजे रस्त्यावरच्या गाडीची नंबरप्लेट बघून ती कुठल्या राज्याची ते सगळ्यात आधी ओरडून सांगायचा खेळ. याला पत्ते लागत नाहीत, मोबाईलची रेंज लागत नाही, मागच्या सीटवरची पोरं कंटाळली की आपोआप सुरू होतो. आरटीओतल्या नोंदणीला आपल्याकडं सगळे पासिंगच म्हणतात, म्हणून 'कर्नाटक पासिंग', 'गुजरात पासिंग'.

पूर्वी महाराष्ट्रातल्या बहुतेक गाड्यांवर एमने सुरू होणारी तीन अक्षरं असायची. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनंतर आधी राज्याची दोन अक्षरं मग आरटीओचे आकडे अशी पद्धत आली (एमएच १२ पुणे, एमएच ०९ कोल्हापूर, केए २२ बेळगाव) आणि खेळ एकदम सोपा झाला.

एमएच मोजायचं नाही हा पहिला नियम. बाकी कुठली गाडी किती भारी हे तुम्ही कुठं उभे आहात त्यावर ठरतं, म्हणजे पुणे-बेंगळुरू हायवेवर केए पैशाला पासरी, सावंतवाडीत जीए दिसलं म्हणून कोणी मान वळवत नाही, नागपूरकरांना एमपी आणि सीजी रोजचेच, पण त्याच नागपुरात जीए दिसली तर पोरं खिडकीला चिकटतात. मिझोरामचं एमझेड किंवा त्रिपुराचं टीआर दिसलं तर कुठंही आरडाओरडा ठरलेला. नागालँडचं एनएल मात्र फसवं. ट्रक आणि स्लीपर बसवर ते सारखं दिसतं, पण कर आणि परमिटचं गणित परवडतं म्हणून लांबलांबचे मालक तिथं पासिंग करून घेतात, गाडीनं कोहिमा बघितलेलंही नसतं. त्यामुळं एनएलची खाजगी कार दिसली तरच पॉइंट द्यावा असं माझं ठाम मत आहे.

जुन्या अक्षरांना वेगळा मान द्यायला हवा. उत्तराखंडचं यूए २००७ मध्ये यूके झालं, ओडिशाचं ओआर २०१२ मध्ये ओडी, तेलंगणाचं टीएस २०२४ मध्ये टीजी. जुनी प्लेट अजून रस्त्यावर दिसते ती शोधायला खरी नजर लागते. २०२१ पासून बीएच सिरीज आली, त्यात आधी वर्षाचे दोन आकडे मग बीएच. सतत बदली होणाऱ्यांची नव्या राज्यात परत नोंदणी करायची कटकट त्यानं वाचली हे चांगलंच झालं, पण गाडी कुठली ते कळत नाही म्हणून खेळात ती बाद.

अमेरिकेत हाच खेळ लांबच्या ड्राइव्हमध्ये जुना आहे, तिथं ५० राज्यं आणि प्रत्येकाच्या प्लेटची डिझाइन वेगळी, आयडाहोच्या प्लेटवर तर 'फेमस पोटॅटोज' लिहिलेलं असतं. हवाईची सगळ्यात अवघड, कारण ती गाडी समुद्र ओलांडूनच यावी लागते.

महाराष्ट्राबाहेर गेलं की खेळ उलटा होतो, मग एमएचच शोधायचं. हंपीच्या किंवा कुर्गच्या पार्किंगमध्ये एमएच १० दिसली की माणूस आपोआप तिच्याकडं वळतो, 'सांगलीचे का तुम्ही?' म्हणून विचारतो, मग कुठं उतरलात, जेवण कुठं बरं मिळतं, पुढचा रस्ता कसाय हे सगळं निघतं, आणि तेवढ्यात दोन्ही गाड्यांमधली पोरं एकमेकांना आतापर्यंत किती राज्यं झाली ते सांगत बसलेली असतात.