नकाशापुढे कोण उभं राहणार?

ब्रिटनमध्ये टीव्हीवर वर्षानुवर्षं हवामान सांगणारा ज्येष्ठ चेहरा पडद्याआड जायचा म्हटलं की तिथल्या वर्तमानपत्रांत लगेच नावं फिरू लागतात. शनिवार-रविवारी बदलीला येणारं कोण, स्कॉटलंड किंवा वेल्सच्या प्रादेशिक बातम्यांत कोण आवडीचं झालंय, चोवीस तासांच्या वाहिनीवर रात्रपाळी करणाऱ्यांपैकी कोणाचा नंबर लागेल, वगैरे. नावं दर वेळी निराळी असली तरी त्यांच्याआडून एकच जुना वाद डोकं वर काढतो. हे माणूस हवामान खात्याचं असावं की वाहिनीचं? अंदाज ज्याला स्वतःला बांधता येतो त्याने तो सांगावा, की उत्तम बोलता येणाऱ्याने?

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात. ब्रिटनचं सरकारी हवामान खातं (मेट ऑफिस) १८५४ मध्ये निघालं. डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय हे त्याचे पहिले प्रमुख. १८६१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जनतेसाठी पहिला अंदाज छापून आला, आणि अंदाज चुकला की टीका कोणाच्या वाट्याला येते हेही तेव्हाच ठरलं. ती एकट्या फिट्झरॉय यांच्या वाट्याला आली. १९२२ मध्ये बीबीसीचा रेडिओ सुरू झाला तेव्हापासून अंदाज या खात्याचा आणि आवाज बीबीसीचा, अशी वाटणी झाली.

पडद्यावर माणूस आला तो १९५४ मध्ये. ११ जानेवारीला संध्याकाळी ७ वाजून ५५ मिनिटांनी जॉर्ज काउलिंग पाच मिनिटांसाठी प्रेक्षकांसमोर उभे राहिले. त्याआधी १९३६ मध्ये आणि युद्धानंतर १९४९ पासून टीव्हीवर नकाशा दिसायचा, पण बोलणारा दिसत नसे. काउलिंग यांच्याकडे हाताने काढलेले नकाशे होते आणि रेघा ओढायला कांडी. उद्या वारा बऱ्यापैकी असेल, धुणं वाळत घालायला दिवस चांगला आहे, असं त्यांनी सांगितलं. समदाब रेषा, म्हणजे हवेचा सारखा दाब असलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेघा, जवळजवळ आल्या की वारा वाढतो, हे शास्त्र त्यांनी घरातल्या दोरीपर्यंत आणून पोहोचवलं. या कामाचं मर्म मला तरी त्या एका वाक्यात दिसतं. काउलिंग यांना पगार हवामान खात्याचा होता, आणि ते खातं तेव्हा हवाई मंत्रालयाखाली होतं. थोडक्यात, टीव्हीवरचा हा माणूस सरकारी नोकर होता. पुढे साठ वर्षं राष्ट्रीय बातमीपत्रांतले बहुतेक हवामान निवेदक याच वाटेने आले.

१९६७ मध्ये चुंबकी चिन्हं आली. लोखंडी नकाशावर चिकटवलेली ही चिन्हं कधी कधी चालू कार्यक्रमात घसरून खाली यायची. १९७५ मध्ये ढग, सूर्य आणि थेंबांची सोपी चिन्हं आली. ती चित्रकला-डिझाइन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने केली होती आणि आजच्या मोबाइलवरचे ढग त्यांच्याच कुळातले वाटतात. १९८५ मध्ये संगणकावरचे नकाशे आले. पहिली महिला निवेदक १९७४ मध्ये आली. ती हवामान खात्यातली अनुभवी होती, पण प्रेक्षकांच्या पत्रांत तिच्या अंदाजापेक्षा कपड्यांवरच जास्त लिहिलेलं असायचं. काही वर्षांत ती रेडिओकडे परतली. तिची उणीव टीव्हीला भासली की नाही ठाऊक नाही, भासायला हवी होती.

त्याच वर्षी, १९७४ मध्ये, मायकेल फिश टीव्हीवर आले. ते १९६२ पासून खात्यात होते. ब्रिटनमध्ये कोणत्याही हवामान निवेदकाच्या निरोपाची किंवा वारसाची चर्चा त्यांच्या नावाशिवाय पुरी होत नाही, आणि याला कारण १९८७ मधली काही सेकंदं.

१५ ऑक्टोबर १९८७, गुरुवार, दुपारचं बातमीपत्र. फिश म्हणाले, आज एका बाईंनी बीबीसीला फोन करून सांगितलं की हरिकेन येतंय असं त्यांनी ऐकलंय. त्या बघत असतील तर त्यांनी काळजी करू नये, तसं काही येत नाहीये. त्याच रात्री इंग्लंडच्या दक्षिण भागावर असं वादळ आलं की सकाळपर्यंत १८ माणसं मेली आणि सुमारे दीड कोटी झाडं आडवी झाली. ऑक्टोबरच्या मध्यावर झाडांवर अजून पानं होती आणि पावसाने जमीन भिजून मऊ झालेली होती, त्यामुळे मुळं सुटली. लंडनमधल्या क्यूच्या वनस्पती उद्यानातली शेकडो जुनी झाडं गेली. केंट परगण्यातल्या सेव्हनओक्स गावाच्या नावातल्या सात ओकवृक्षांपैकी सहा उन्मळले. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांनंतर पहिल्यांदाच लंडन अंधारात बुडालं.

आता त्या 'हरिकेन' शब्दाकडे नीट बघायला हवं. सगळा घोळ तिथेच आहे, आणि मराठीत तो आणखी वाढतो.

अटलांटिकमधलं हरिकेन, चीन-जपानकडचं टायफून आणि आपल्याकडचं सायक्लोन या तिन्हींना आपण चक्रीवादळ म्हणतो. ते बरोबरच आहे. जात एकच आहे, समुद्र बदलला की नाव बदलतं. ही वादळं उष्ण कटिबंधातल्या साधारण २६ अंशांहून अधिक तापलेल्या समुद्रावर जन्मतात, पाण्याच्या वाफेवर पोसली जातात आणि त्यांचा गाभा उबदार असतो. इंग्लंडवर १९८७ मध्ये आलेलं वादळ या जातीचं नव्हतं. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा एकमेकींना भिडतात त्या सीमेवर, फ्रान्स-स्पेनजवळच्या बिस्केच्या उपसागराकडे, ते वेगाने खोल होत गेलं. फिरतं तेही होतं, कारण कमी दाबाभोवती वारा फिरतोच. पण मराठी बातमीत त्याला सरसकट चक्रीवादळ लिहिलं की फिश यांचं विधान धादांत खोटं वाटायला लागतं, आणि ते तसं नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर वाद कधीच मिटला असता. पण दर्यावर्दी लोक वाऱ्याचा जोर मोजण्यासाठी जे ब्यूफोर्ट प्रमाण वापरतात, त्याच्या शेवटच्या, बाराव्या पायरीचं नावही हरिकेन असंच आहे. वाऱ्याचा सरासरी वेग ताशी ११८ किलोमीटरच्या पुढे गेला की ती पायरी लागते, मग वादळ कोणत्या का जातीचं असेना. त्या रात्री इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वाऱ्याचे झोत ताशी १६० किलोमीटरच्या वर गेले होते. शब्द एक, अर्थ दोन. एक अर्थ जातीचा, दुसरा जोराचा. फिश जातीबद्दल बोलले आणि कौल उडालेल्या घरातल्या माणसाने जोराबद्दल ऐकलं. आपल्या हवामान खात्याच्या वर्गवारीत वारा ताशी ६२ किलोमीटर झाला की चक्रीवादळ म्हणतात आणि तिथून पुढे तीव्र, अतितीव्र अशा पायऱ्या चढतात. या पायऱ्या एकाच जातीच्या वादळांना लागतात, म्हणून तिथे असा घोळ होत नाही. २०२० च्या जूनमध्ये 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा पोफळीच्या बागा झोपल्या, पण शब्दावरून कोणी भांडलं नाही.

फिश पुढे नेहमी सांगत राहिले की ते वाक्य फ्लॉरिडाकडच्या वादळाबद्दल होतं. ते मान्य करायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्याच बातमीपत्रात ते पुढे जे म्हणाले ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि वर्षानुवर्षं दाखवल्या जाणाऱ्या तुकड्यातून नेमकं तेच बहुतेकदा कापलेलं असतं. वारा खूप वाढेल, पण जोराचा वारा बराचसा स्पेन आणि फ्रान्सकडे राहील, असं ते म्हणाले. खरी चूक इथे होती, आणि ती एकट्या फिश यांची नव्हती. वादळाचा मार्ग खात्याच्या गणितात दक्षिणेला धरला गेला होता, कारण समुद्रावरची निरीक्षणं तोकडी होती. संध्याकाळचा मुख्य अंदाज तर फिश यांचे सहकारी निवेदक बिल गाइल्स यांनी सांगितला होता. चौकशी झाली, १९८८ मध्ये तीव्र हवामानाचे इशारे देणारी राष्ट्रीय यंत्रणा उभी राहिली, निरीक्षणं वाढली. चूक खात्याची होती, सुधारणाही खात्यातच झाली. लोकांच्या डोळ्यांपुढे चेहरा मात्र फिश यांचाच राहिला. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या बातम्यांतही तोच तुकडा होता, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनातही तो झळकला.

मला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. नकाशापुढचा माणूस दुसऱ्याच्या गणिताचा जामीन असतो. फिश यांना नंतरची इतकी वर्षं त्या रात्रीचं शास्त्र सांगत राहता आलं, कारण ते स्वतः हवामानशास्त्र जाणणारे होते. नुसतं वाचून दाखवणाऱ्याला तेवढंही करता आलं नसतं.

मधल्या काळात पडदा बदलत गेला. १९८३ पासून सकाळची बातमीपत्रं आली आणि हवामान अर्ध्या तासाला एकदा, स्टुडिओबाहेर बागेत किंवा जत्रेत उभं राहून, हसतखेळत सांगितलं जाऊ लागलं. इथे पत्रकारितेतून किंवा निवेदनातून आलेल्या आणि मग हवामान खात्यात शिकून घेतलेल्या लोकांना जागा मिळाली. त्यांच्यातले काही अत्यंत लोकप्रिय झाले, आणि शिकण्यात त्यांनी कसूर केली असं म्हणता येणार नाही. २००५ मध्ये त्रिमितीय नकाशा आला. त्यात देश दक्षिणेकडून तिरका दिसायचा, म्हणून स्कॉटलंड एवढंसं झालं. तिथून तक्रारींचा पाऊस पडला आणि नकाशाचा कोन बदलावा लागला.

मोठा निर्णय आला तो २०१५ मध्ये. सार्वजनिक पैशाला पुरेपूर मोल मिळालं पाहिजे म्हणून खुली निविदा काढावी लागते, असं सांगत बीबीसीने हवामान खात्याशी ९० वर्षांहून जुना करार पुढे न नेण्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी काम एका खासगी युरोपीय कंपनीला मिळालं. हस्तांतर लांबत लांबत २०१८ च्या फेब्रुवारीत झालं. त्याच महिन्याच्या शेवटी सायबेरियाकडून गोठवणारे वारे आले आणि देश बर्फाखाली गेला. तापमानाचे आकडे कंपनीचे, लाल इशारे सरकारी हवामान खात्याचे, आणि दोन्ही सांगणारं माणूस एकच. घरात दोन ॲप उघडली तर उद्याच्या पावसाचे दोन अंदाज दिसायचे. नियमाला धरून असेल, पण मला तो निर्णय पटलेला नाही. अंदाज बांधणारा आणि सांगणारा एका छताखाली असण्याची जी सोय काउलिंग यांच्यापासून चालत आली होती, ती निविदेच्या रकान्यात कुठे बसत नव्हती. २०२५ मध्ये बीबीसी आणि हवामान खात्याने पुन्हा एकत्र येण्याचं जाहीर केलं.

नव्या चेहऱ्याची चर्चा त्यामुळे वेगळ्या वळणावर आली आहे. हे काम दिसतं त्याहून कठीण आहे. मागे नकाशा नसतोच, रिकामा रंगीत पडदा असतो. निवेदक बाजूच्या छोट्या पडद्यावर स्वतःचं चित्र पाहत हवेत बोट ठेवतो. बातम्या वाचणाऱ्यासारखा पुढ्यात मजकूर सरकत नसतो, बोलायचं ते मनानेच. हातातलं बटण दाबून नकाशा पुढे न्यायचा, आणि कानात निर्मात्याची उलटी मोजणी चालू असते. आधीची बातमी लांबली तर अडीच मिनिटांचं दीड मिनिट होतं आणि त्या क्षणी काय गाळायचं हे ठरवावं लागतं. पाऊस गाळायचा की धुकं, हे ज्याला नकाशा कळतो त्यालाच चटकन ठरवता येतं. सकाळच्या पाळीसाठी तीनच्या आसपास उठायचं, ताजे नकाशे पाहायचे, हवामानतज्ज्ञांशी बोलायचं आणि मग उजेडात यायचं.

म्हणून वारस बहुधा बाहेरून येत नाही. आधी प्रादेशिक बातम्या, मग रात्रीची वाहिनी, मग सुट्टीच्या दिवसांची बदली, या क्रमाने माणूस पुढे सरकतो, आणि रिकामी झालेली जागा बरेच दिवस चार-पाच जण आळीपाळीने भरतात. अशा वेळी ज्यांची नावं घेतली जातात त्यांत हवामान खात्यातून आणि निवेदनातून, अशा दोन्ही वाटांनी आलेले लोक असतात.