इंग्रजीच्या प्राध्यापकाची कॅस फाइल: सेवा, लेखन आणि अनुवाद कसे मोजले जातात

आमच्या विभागातल्या एका मॅडमची कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेची (Career Advancement Scheme), फाइल तपासायला माझ्याकडे आली होती. त्यांनी एका मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला होता. चार वर्षांचं काम होतं. फाइलमध्ये मात्र त्या पुस्तकाचं रंगीत मुखपृष्ठ आणि प्रकाशन समारंभातला सत्काराचा फोटो, एवढंच. अनुवादक म्हणून नाव, प्रकाशक, वर्ष आणि आयएसबीएन ज्या पानावर छापलेलं असतं, ते पानच नव्हतं. त्यामागे वेबिनारची सदतीस प्रमाणपत्रं मात्र व्यवस्थित प्लास्टिक कव्हरमध्ये घालून लावलेली. त्या सदतीस कागदांना मिळून शून्य गुण होते आणि न लावलेल्या एका पानाला आठ.

हे लिहितोय ते अशांसाठी. इंग्रजी विभागात काम कमी होत नाही, पण कुठलं काम कुठल्या रकान्यात बसतं हे वेळेत कळत नाही. खालची माहिती प्रामुख्याने अनुदानित महाविद्यालयातल्या पूर्णवेळ प्राध्यापकांसाठी आहे. विद्यापीठ विभागाच्या अटी काही ठिकाणी वेगळ्या आहेत, त्यातल्या मोजक्याच इथे सांगितल्या आहेत.

आधार कुठला

विद्यापीठ अनुदान आयोगाचे १८ जुलै २०१८ रोजी अधिसूचित झालेले नियम आणि महाराष्ट्र शासनाचा ८ मार्च २०१९ चा शासन निर्णय, या दोन्हींच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. स्टाफरूममध्ये आजही ‘एपीआय किती झाला?’ असं विचारलं जातं. ती २०१० च्या नियमांतल्या गुणांकाची (Academic Performance Indicator) भाषा. २०१८ च्या नियमांत दोन वेगळी मोजमापं आहेत. एक दरवर्षीच्या कामाची श्रेणी, दुसरं संशोधन गुण. महाविद्यालयात पहिल्या तीन टप्प्यांना संशोधन गुणांची किमान अटच नाही, ती थेट प्रोफेसर होताना येते. हे माहीत नसल्यामुळे पहिल्याच प्लेसमेंटला, म्हणजे वरच्या स्तरावर जाताना, घाबरून पैसे भरून कुठेतरी शोधनिबंध छापून आणणारे तरुण सहकारी मी पाहिले आहेत. तसं करू नका. तो निबंध पुढे आयुष्यभर तुमच्या नावावर राहतो.

किती वर्षांनी, कशासाठी

रुजू होताना सहायक प्राध्यापक स्तर १० मध्ये असतो, मूळ वेतन ५७,७०० रुपये. तिथून स्तर ११ साठी पीएच.डी. असल्यास ४ वर्षं, एम.फिल. असल्यास ५ आणि दोन्ही नसल्यास ६ वर्षं सेवा लागते. सोबत २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स हवाच. तोच हल्ली गुरुदक्षता किंवा फॅकल्टी इंडक्शन प्रोग्रॅम या नावाने होतो. शिवाय एक रिफ्रेशर किंवा संशोधन पद्धतीचा कोर्स, नाहीतर किमान आठवडाभराचे म्हणजे ५ दिवसांचे दोन कार्यक्रम, नाहीतर प्रमाणपत्रासह एक ऑनलाइन ‘मूक’ (MOOC) कोर्स. विद्यापीठ विभागात असाल तर या टप्प्यावरच एक शोधनिबंधही लागतो.

स्तर ११ ते १२ ला ५ वर्षं. इथे दोन आठवड्यांचे म्हणजे १० दिवसांचे कोर्स मोजतात आणि १० दिवसांच्या एका कोर्सऐवजी ५ दिवसांचे दोन चालतात. स्तर १२ ते १३ए, म्हणजे सहयोगी प्राध्यापक, याला ३ वर्षं, आणि इथे पीएच.डी. अनिवार्य. विद्यापीठ विभागात याच पायरीवर किमान ७ शोधनिबंध (त्यातले ३ मूल्यांकन काळातले), पीएच.डी.च्या किमान एका विद्यार्थ्याला मार्गदर्शन केल्याचा पुरावा आणि ७० संशोधन गुण लागतात. त्यानंतर आणखी ३ वर्षांनी स्तर १४, प्रोफेसर. पीएच.डी. घेऊनच रुजू झालेल्याचा हिशेब ४, ५, ३, ३ असा एकूण १५ वर्षांचा होतो.

स्तर १३ए चं मूळ वेतन १,३१,४०० रुपयांपासून सुरू होतं, स्तर १२ चं ७९,८०० पासून. पीएच.डी. लांबवत नेणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघावेत.

आधीची सेवा धरतात का, हा प्रश्न हमखास येतो. नियमित नेमणूक, तीच अर्हता, समकक्ष वेतनश्रेणी आणि योग्य मार्गाने केलेला अर्ज असेल तर धरतात. तात्पुरत्या किंवा कंत्राटी सेवेसाठी आणखी दोन अटी आहेत. नेमणूक रीतसर निवड समितीमार्फत झालेली असावी, आणि नियमित प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी पगार नसावा. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवलेल्यांची सेवा या दुसऱ्या अटीवर अडते. हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण त्या वर्षांत त्यांनी आमच्याइतकंच शिकवलेलं असतं.

दरवर्षीची श्रेणी: इथेच सेवा मोजली जाते

प्रत्येक शैक्षणिक वर्षाला ‘चांगला’, ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ अशी श्रेणी मिळते. अध्यापनात नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर चांगला, ७० ते ८० च्या मध्ये समाधानकारक, ७० च्या खाली असमाधानकारक. इंग्रजीच्या शिक्षकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘घेतलेले तास’ यात ट्युटोरियल आणि प्रयोगशाळेचे तासही येतात. भाषा प्रयोगशाळेत संभाषण कौशल्याच्या बॅचेस घेता, कवितेवर छोट्या गटांत ट्युटोरियल घेता, ते वेळापत्रकात छापून घ्या आणि दैनंदिनीत लिहा. ‘जादा तास घेतले’ असं तोंडी सांगून काही होत नाही.

दुसरा भाग उपक्रमांचा. विभागप्रमुखपद किंवा समन्वयकपद, परीक्षेची कामं, विद्यार्थ्यांचे उपक्रम (वाङ्मय मंडळ, करिअर मार्गदर्शन, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक विभाग), चर्चासत्राचं आयोजन, पीएच.डी. मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प, वर्षात एखादा शोधनिबंध असे गट आहेत. किमान तीन उपक्रम असतील तर चांगला, एक किंवा दोन असतील तर समाधानकारक. हे तीन वेगवेगळ्या गटांतलेच हवेत असं नाही, एकाच गटातले तीनही चालतात. पेपर सेटिंग, मॉडरेशन आणि वरिष्ठ पर्यवेक्षक ही तिन्ही कामं एका वर्षात केलेल्या माणसाला उगाच चर्चासत्र भरवायची गरज नाही.

प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, अभ्यास रजा, वैद्यकीय रजा, प्रतिनियुक्ती हा काळ श्रेणी ठरवताना वगळतात आणि उरलेल्या काळावरून वर्षाची श्रेणी काढतात. प्रसूती रजेमुळे ७० टक्के भरत नाहीत म्हणून एखाद्या मॅडमना कुणी थांबायला सांगत असेल, तर त्यांनी नियमातली ही तरतूद लेखी दाखवावी.

किती वर्षांची श्रेणी लागते? पहिल्या टप्प्याला ४ पैकी ३, ५ पैकी ४ किंवा ६ पैकी ५, दुसऱ्याला ५ पैकी ४, पुढच्या दोन्हींना ३ पैकी २ वर्षं किमान समाधानकारक. म्हणजे एखादं वर्ष बिघडलं तरी सगळं संपत नाही.

आता आपल्या विभागाचं खास दुखणं. ‘सर, तुमचं इंग्रजी चांगलं आहे, एवढं जरा बघून द्या.’ नॅकचा (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेसाठीचा) अहवाल, प्रॉस्पेक्टस, पाहुण्यांचा परिचय, व्यवस्थापनाची पत्रं, सगळं इंग्रजी विभागाकडे येतं. रात्री अकरापर्यंत बसून आपण अहवालाची वाक्यं सुधारतो आणि त्या कामाचा कुठेही कागद नसतो. उपाय साधा आहे. काम हातात घेतानाच ‘अहवाल लेखन समिती सदस्य’ असं जावक क्रमांक आणि तारीख असलेलं नेमणूक पत्र प्राचार्यांकडून मागून घ्या. संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण तीन वर्षांनी मागच्या तारखेचं पत्र मागण्यापेक्षा हा संकोच खूप बरा, आणि मागच्या तारखेचं पत्र कुणी देऊही नये. परीक्षेच्या कामाचंही तसंच. मानधनाची पावती पुरत नाही, विद्यापीठाचं नेमणूक पत्र जपून ठेवा.

संशोधन गुण: इंग्रजीवाल्याला काय उपयोगाचं

भाषा आणि मानव्यविद्या शाखेत एका शोधनिबंधाला १० गुण. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला त्याच्या ७० टक्के, म्हणजे ७. दोनाहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. स्वतः लिहिलेलं पुस्तक आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडे १२, राष्ट्रीय प्रकाशकाकडे १०. संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५, संपादनाला १० किंवा ८. अनुवादाला स्वतंत्र जागा आहे. पुस्तक ८, प्रकरण किंवा शोधनिबंध ३. मराठी-इंग्रजी दोन्हींत वावरणाऱ्या माणसाला हे दार उघडं आहे आणि फार थोडे जण त्यातून आत जातात. अभ्यासमंडळावर असताना नवा अभ्यासक्रम तयार केला तर प्रत्येकी २. पीएच.डी. पदवी मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे १०, प्रबंध सादर झाला असल्यास ५. निमंत्रित व्याख्यान किंवा निबंधवाचन परदेशात ७, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५, राष्ट्रीय ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २. नुसतं उपस्थित राहिल्याला काहीच नाही. ती सदतीस प्रमाणपत्रं इथेच गळाली. कविता, कथा, पुस्तक परीक्षण यांना नियमांतल्या गुणांच्या तक्त्यात स्वतंत्र ओळ नाही.

प्रोफेसरपदासाठी किमान १० शोधनिबंध (त्यातले ३ मूल्यांकन काळातले) आणि ११० गुण हवेत. ते सहा गटांपैकी किमान तीन गटांतून आलेले असावे लागतात, आणि व्याख्याने व धोरण दस्तऐवज मिळून एकूण गुणांच्या ३० टक्क्यांवर धरत नाहीत. एक हिशेब मांडून बघू. सहा एकट्याने लिहिलेले निबंध ६०, चार दोघांनी मिळून लिहिलेले २८, झाले ८८. एक अनुवादित पुस्तक ८, म्हणजे ९६. दोन अभ्यासक्रम ४, म्हणजे १००. पाच राष्ट्रीय व्याख्याने १५. एकूण ११५, चार गटांतून. यात अचाट काही नाही. नेटाने काम करणारा कुठल्याही तालुक्याच्या गावचा प्राध्यापक हे करू शकतो. एकाच निबंधाचे वाचनाचे आणि प्रकाशनाचे असे दोनदा गुण मात्र लावू नका, समितीतला विषयतज्ज्ञ ते लगेच ओळखतो.

नियतकालिकांबद्दल. २०१९ पासून यूजीसी केअर ही आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी होती, ती आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. जुने निबंध त्या काळात यादीत होते याचा तारखेसह पुरावा जोडा. नव्या निबंधांसाठी समीक्षकांच्या शेऱ्यांची ईमेल, स्वीकृती पत्र आणि संपादक मंडळाचं पान राखून ठेवा, कारण नियमातली ‘समीक्षित नियतकालिक’ ही अट तशीच आहे.

फाइल आणि तिचा प्रवास

कागदपत्रं अशी: नेमणूक आदेश, रुजू अहवाल, विद्यापीठाचं मान्यता पत्र, आधीच्या प्लेसमेंटचे आदेश, सेवापुस्तकातल्या संबंधित पानांच्या प्रती, राखीव पदावर असल्यास जात वैधता प्रमाणपत्र, एम.ए., नेट किंवा सेट, पीएच.डी.चं प्रमाणपत्र, कोर्सची प्रमाणपत्रं, प्रत्येक वर्षाचा भरलेला आणि सही झालेला मूल्यांकन अर्ज. प्रत्येक निबंधासोबत नियतकालिकाचं मुखपृष्ठ, आयएसएसएनचं पान, अनुक्रमणिका आणि पूर्ण निबंध. पुस्तकासाठी मुखपृष्ठ पुरत नाही, हे वर आलंच आहे. प्रत्येक कागदावर परिशिष्ट क्रमांक घाला आणि तोच क्रमांक अर्जात त्या दाव्यासमोर लिहा. समितीसमोर एका फाइलला मिळणारा वेळ फार थोडा असतो, त्यात कुणी पानं शोधत बसत नाही.

देय तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज देता येतो. तो विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांकडे द्या आणि पोच घ्या. आयक्यूएसी (महाविद्यालयातला अंतर्गत गुणवत्ता कक्ष) पडताळणी करते, मग महाविद्यालय विद्यापीठाकडे विषयतज्ज्ञ मागतं. पहिल्या दोन टप्प्यांना छाननी समिती असते, सहयोगी प्राध्यापक आणि प्रोफेसरसाठी निवड समिती आणि मुलाखत.

तारखेचा नियम नीट समजून घ्या. किमान सेवा पूर्ण होताच अर्ज केला आणि मंजूर झाला, तर पदोन्नती त्या पात्रतेच्या तारखेपासून मिळते, समितीची बैठक उशिरा झाली तरी. एखादा कोर्स राहिला म्हणून अटी नंतर पूर्ण झाल्या, तर त्या पूर्ण झाल्याच्या तारखेपासून. समितीने नाकारलं तर फेरमूल्यांकन एका वर्षानंतरच होतं, आणि तेव्हा मंजूर झाल्यास नकाराच्या तारखेपासून एक वर्षानंतरची तारीख धरतात. त्यामुळे अर्धवट फाइल ‘बघू काय होतं ते’ म्हणून समितीकडे पाठवू नका. कोर्स पूर्ण करून अर्ज करण्यात त्यापेक्षा कमी नुकसान आहे.

समितीची शिफारस झाली की आदेश निघतो आणि वेतननिश्चितीचा प्रस्ताव विभागीय उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात जातो. पुढच्या वेतनवाढीच्या तारखेबाबतचा विकल्प वेळेत लिहून द्या. थकबाकी खात्यात आली म्हणून निर्धास्त होऊ नका. स्वतः कार्यालयात जाऊन सेवापुस्तक उघडायला लावा, पदोन्नतीची नोंद, तारीख आणि स्तर वाचा, प्राचार्यांची सही आहे का बघा आणि त्या पानाची प्रत घेऊन घरी या. पुढच्या टप्प्याच्या फाइलचा पहिला कागद तोच असणार आहे.