नाव, ठसा, सही : ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच्या बंदीची पार्श्वभूमी

ऑफिसात शंभर मशीन असली की नको असलेला एक गेम बंद करायला शंभर टेबलं फिरावी लागत. विंडोज ९५ आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये 'सिस्टीम पॉलिसी', म्हणजे मशीनला लागू करायच्या नियमांची सोय, आली आणि सर्व्हरवर ठेवलेल्या एका फाइलीवरून हे जमू लागलं. पण ती सेटिंग्ज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, गोंदल्यासारखी बसत; फाइल काढली तरी बंदी उठत नसे.

विंडोज २००० बरोबर आलेल्या ग्रुप पॉलिसीने हे गोंदण थांबवलं. मशीन साधारण दर ९० मिनिटांनी सर्व्हरकडून नियम ताजे करून घेतं. सगळ्यांची एकदम झुंबड उडू नये म्हणून त्यात ३० मिनिटांपर्यंतची कमीजास्त भर. तिच्यात 'हे प्रोग्रॅम चालवू नका' अशी यादीही होती. माइनस्वीपर या सुरुंग शोधायच्या गेमसाठी यादीत 'विनमाइन डॉट ईएक्सई' लिहायचं. मग कुणीतरी तीच फाइल डेस्कटॉपवर कॉपी करून तिचं 'पगारपत्रक डॉट ईएक्सई' असं बारसं करायचा, की सुरुंग शोधणं पुन्हा चालू. बंदी फक्त नावावर होती. तीही एक्सप्लोररमधून, म्हणजे डेस्कटॉप आणि फोल्डरांच्या खिडक्यांतून, उघडलेल्या प्रोग्रॅमपुरती. हुकूम टाइप करायच्या कमांड प्रॉम्प्टवर तिचं काही चालत नसे.

२००१ च्या विंडोज एक्सपीत 'सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसी' आली आणि फाइल तिच्या हॅशवरून, म्हणजे तिच्या आतल्या मजकुरातून काढलेल्या बोटाच्या ठशासारख्या खुणेवरून, ओळखता येऊ लागली. नाव बदलून ठसा बदलत नाही. मात्र नवी आवृत्ती आली की ठसा नवा आणि ॲडमिनची हमाली पहिल्यापासून. फोल्डरवरून बंदी घालायची सोयही त्यातच होती, पण तिची खरी किंमत पुढे कळली. 'ॲडमिन पासवर्ड दिला नाही म्हणजे कुणी काही टाकत नाही' या भरवशावर कितीतरी ऑफिसं चालत. २००८ मध्ये क्रोम ब्राउझर आलं ते थेट वापरणाऱ्याच्या ॲपडेटा फोल्डरात बसलं, पासवर्ड न विचारता. २०१३ मध्ये क्रिप्टोलॉकर हा खंडणीखोर व्हायरसही त्याच फोल्डरातून चालू लागला, तेव्हा तिथल्या ईएक्सई फाइली अडवायला ॲडमिन मंडळींची धावपळ झाली.

एव्हाना विंडोज ७ सोबत, २००९ मध्ये, ॲपलॉकर आलं होतं. ते कंपनीची डिजिटल सही बघतं, त्यामुळे आवृत्ती बदलली तरी नियम टिकतो. शिवाय रोख उलटा: परवानगी आहे तेवढंच चालणार. विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरांना मुभा असते, कारण साध्या वापरणाऱ्याला तिथे सहसा काही लिहिता येत नाही. ही मुभा द्यायची राहिली तर विंडोजचेच प्रोग्रॅम अडतात, म्हणून आधी नुसती नोंद घेणारा ऑडिट मोड लावून बघायचा. एवढं चांगलं हत्यार, पण तेव्हा फक्त एंटरप्राइझ आणि अल्टिमेट आवृत्तीत. प्रोफेशनलवरची छोटी ऑफिसं एक्सपीच्या वेळच्या पॉलिसीवरच राहिली. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीही मोडीत निघणाऱ्यांच्या यादीत टाकली.