स्केल आणि गेज : रेल्वे मॉडेलसाठी खोली तयार करण्यापूर्वी

घरातली एखादी रिकामी खोली रेल्वेच्या मॉडेलसाठी द्यायचे ठरले, की बहुतेक जण सर्वप्रथम सुताराला बोलावतात. त्याआधी दोन प्रश्न सुटलेले असावेत : आपले स्केल कोणते आणि आपले गेज कोणते? हे दोन शब्द इतक्या सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात की ‘एन गेज’ म्हणून विकत घेतलेली इंजिने आणि इमारती शेजारी ठेवल्यावर एकमेकांशी का जुळत नाहीत, हे नवख्या माणसाला लवकर उमगत नाही. प्रत्यक्षात यांतली एक गोष्ट खोलीशी बांधलेली आहे आणि दुसरी आपल्याला आवडणाऱ्या रेल्वेमार्गाशी.

स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या तुलनेत मॉडेल किती पट लहान आहे, याचे प्रमाण. एचओ या जगभर सर्वाधिक प्रचलित स्केलमध्ये ते १:८७ असते, एनमध्ये १:१६०. हे प्रमाण केवळ गाडीला नव्हे, तर फलाट, पादचारी पूल, झाडे आणि फलाटावर उभा असलेला हमाल या सर्वांना सारखेच लागू होते. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर, एवढेच. एचओचे नेहमीचे रूळ १६.५ मिलिमीटर गेजचे, तर एनचे ९ मिलिमीटरचे असतात. गेज पाहून रुळावर कोणती चाके बसतील एवढे कळते. त्या चाकांवरचा डबा किती मोठा असेल, हे कळत नाही.

घोळ होतो तो इथेच. ब्रिटनमधले ओओ स्केल १:७६ आहे, पण ते एचओच्याच १६.५ मिलिमीटर रुळांवर धावते. ब्रिटिश इंजिने मुळात आकाराने लहान असल्यामुळे सुरुवातीच्या काळातल्या मोटारी १:८७ च्या सांगाड्यात मावत नव्हत्या, म्हणून सांगाडे मोठे केले गेले आणि रूळ तेच राहिले. त्यामुळे ओओचे इंजिन एचओच्या रुळांवर विनातक्रार चालते, पण एचओच्या स्थानकाशेजारी उभे राहिले की बेढब दिसते. एनची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे : युरोप-अमेरिकेत १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८ आणि जपानमधल्या सर्वसाधारण गाड्यांसाठी १:१५०, आणि या तिन्हींचे रूळ मात्र ९ मिलिमीटरचेच. म्हणून खरेदी करताना खोक्यावरचे प्रमाण वाचावे. नुसत्या ‘एन’ या अक्षरावर विसंबू नये.

उलट दिशेनेही हेच घडते, आणि आपल्याकडच्या रेल्वेप्रेमींसाठी ही बाजू अधिक रंजक आहे. स्केल एकच ठेवून गेज बदलता येते. नेरळ स्थानकाचे उदाहरण घ्या. तिथे १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज मार्ग आणि १९०७ साली सुरू झालेली, ६१० मिलिमीटर गेजची माथेरानची गाडी शेजारीशेजारी भेटतात. हे स्थानक १:८७ मध्ये उभारायचे तर ब्रॉडगेजचे रूळ खरे म्हणजे १९.३ मिलिमीटर अंतरावर हवेत. बाजारात सहज मिळणारे १६.५ मिलिमीटरचे रूळ युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजसाठी बेतलेले असल्यामुळे आपली गाडी त्यांवर थोडी अरुंद पायांची दिसते. माझ्या मते ही तडजोड स्वीकारावी, कारण प्रत्येक रूळ आणि प्रत्येक सांधा हाताने बनवण्यात उमेदीचा सगळा काळ निघून जातो. माथेरानच्या गाडीसाठी मात्र तडजोड जवळजवळ लागतच नाही : तिचे रूळ ७ मिलिमीटरवर हवेत आणि १:२२० या झेड स्केलसाठी बनणारे ६.५ मिलिमीटरचे रूळ तिथे सुरेख शोभतात. बार्शी लाइट रेल्वे किंवा विदर्भातली शकुंतला ही गाडी यांचे गेज ७६२ मिलिमीटर होते, म्हणजे १:८७ मध्ये पावणेनऊ. त्यांना एनचे ९ मिलिमीटरचे रूळ चालतात. हेच झेडचे रूळ १:१६० मध्ये वापरले, तर ते जवळपास बरोबर मीटरगेज होतात, आणि दूधसागरच्या घाटातून पूर्वी धावणारी मीटरगेज गाडी त्यांवर उभी करता येते. एकच रूळ एकदा माथेरानचा आणि एकदा दूधसागरचा होतो, तो केवळ स्केल बदलल्यामुळे.

आता खोलीकडे वळू. दहा फूट बाय बारा फूट, म्हणजे साधारण ३.०५ बाय ३.६६ मीटर, अशी खोली धरू. आपल्याकडचा जुन्या पद्धतीचा निळा डबा सुमारे २२ मीटर लांब असतो. एचओमध्ये तो साडेपंचवीस सेंटिमीटरचा होतो, आणि बारा डबे व एक इंजिन मिळून गाडी सुमारे ३.३ मीटरची होते. ती खोलीच्या लांब भिंतीलगत जेमतेम मावेल, पण मग त्या भिंतीवर सांधे बदलायला जागाच उरणार नाही. एनमध्ये तीच गाडी १.८ मीटरची होते. डबे वळणावर बरे दिसावेत आणि घसरू नयेत यासाठी वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट तरी असावी, असा संकेत आहे. त्या हिशेबाने एचओमध्ये ती ७७ सेंटिमीटर येते, आणि गाडीला पूर्ण उलट वळवायचे तर टेबलाची रुंदी कडेच्या जागेसह सुमारे १.७ मीटर लागते. एनमध्ये एक मीटरच्या आत भागते. माणसाचा हात टेबलावर पाऊण मीटरच्या पलीकडे नीट पोहोचत नाही. म्हणून या खोलीत एचओ हवे असेल, तर मधोमध मोठे टेबल टाकण्याऐवजी भिंतीलगत अरुंद फळ्या फिरवाव्यात, मध्ये उभे राहायला मोकळी जागा ठेवावी, दारासमोरचा भाग उचलता किंवा बाजूला करता येईल असा करावा आणि दार शक्यतो बाहेर उघडेल असे बसवून घ्यावे.

चढाचेही तसेच. भोर घाटातला १:३७ चा चढ हुबेहूब घेतला, तरी एचओमध्ये एका मार्गाला दुसऱ्यावरून नेण्यासाठी लागणारी सुमारे ८ सेंटिमीटरची उंची गाठायला जवळजवळ ३ मीटर लागतात, म्हणजे एक अख्खी भिंत त्यातच जाते. विजेच्या तारा दाखवायच्या असतील तर त्याहून अधिक. माथेरानच्या मार्गावरचे १:२० पर्यंतचे तीव्र चढ आणि तिची आवळ वळणे मात्र मॉडेलमध्येही प्रामाणिक ठरतात, त्यामुळे नॅरोगेज एका कोपऱ्यातही डोंगर चढू शकते. लहान खोलीत मोठ्या स्केलचा आनंद हवा असेल, तर माझा कौल निःसंशय नॅरोगेजला आहे.

रंग, छताची दुरुस्ती आणि स्वतंत्र वायरिंग ही कामे स्केल कोणतेही असले तरी फळ्या बसवण्याआधीच उरकावीत. ओलीच्या बाबतीत मात्र गेजचा संबंध येतो. न्हाणीघराला लागून असलेली किंवा पावसाळ्यात पाझरणारी भिंत आधी बाहेरून दुरुस्त करून घ्यावी, कारण प्लायवूड फुगून सांध्याजवळ अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा आला, तर १६.५ मिलिमीटरच्या रुळांवरची गाडी एखादे वेळी तो पार करते, ६.५ मिलिमीटरच्या रुळांवरची हलकी गाडी तिथे बहुधा घसरते किंवा वीज तुटून थांबते. म्हणून झेडचे रूळ वापरणाऱ्याने पाण्यात टिकणारे प्लायवूड घ्यावे, त्याच्या कडाही वॉर्निशने बंद कराव्यात, फळी भिंतीला चिकटवण्याऐवजी हवा खेळेल इतके अंतर ठेवावे, आणि शक्य असल्यास एक पावसाळा कोऱ्या फळ्यांवर काढून मगच रूळ टाकावेत.