नऊ हजारांचा दणका

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक आणि युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना ही दोन विद्यापीठं एकमेकांपासून जेमतेम 16 किलोमीटरवर आहेत. कॉलेज बास्केटबॉलमधली त्यांची खुन्नस देशभर ठाऊक आहे. ड्यूकचं घरचं मैदान म्हणजे 1940 साली सुरू झालेली दगडी इमारत, कॅमेरून इनडोअर स्टेडियम. क्षमता 9,314. समोरच्यांचं डीन स्मिथ सेंटर 1986 चं, त्यात 21 हजारांहून जास्त प्रेक्षक मावतात. पण पाहुण्या संघांना धडकी भरते ती लहान कॅमेरूनचीच.

याचं मोठं कारण आहे कोण कुठे बसतं. कॅमेरूनमध्ये कोर्टाला लागून लाकडी बाकं आहेत आणि ती विद्यार्थ्यांची आहेत. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्यासाठी ही पोरं कित्येक आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात आणि आत आल्यावर शेवटपर्यंत उभीच असतात. पाहुण्या खेळाडूला बाजूच्या रेषेवरून चेंडू आत टाकायचा असला की पत्रकारांच्या टेबलावरून झुकलेले, निळ्या रंगाने माखलेले हात त्याच्या पाठीशी वळवळत असतात. डीन स्मिथ सेंटर देणगीदारांच्या पैशांतून उभं राहिलं, त्यामुळे कोर्टाजवळच्या बऱ्याचशा खुर्च्या त्यांना मिळाल्या. 1991 मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा खेळाडू सॅम कॅसेल तिथल्या प्रेक्षकांना वाइन आणि चीजवाले, म्हणजे शांत बसून सामना बघणारे उच्चभ्रू, म्हणाला. ते बिरूद अजून चिकटलेलं आहे.

ध्वनिशास्त्रही हेच सांगतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज त्यात मिसळतो आणि तो किती टिकेल हे आतल्या वस्तू ठरवतात. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी 1890 च्या दशकात हे मोजलं, तेही खुर्च्यांच्या गाद्यांनी. रात्री सगळं निजल्यावर ते जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या व्याख्यानाच्या खोलीत आणून ठेवत, ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज विरायला लागणारा वेळ घड्याळावर टिपत. जितक्या गाद्या जास्त, तितका आवाज लवकर विरायचा. लाकूड, काँक्रीट, पत्रा आवाज परत फेकतात. गादीची खुर्ची तो गिळते. कॅन्सस विद्यापीठाचं बास्केटबॉल मैदान ॲलन फील्डहाउस 1955 चं, 16,300 क्षमतेचं. तिथे 13 फेब्रुवारी 2017 ला 130.4 डेसिबलची विक्रमी नोंद झाली. एवढ्या आवाजाने कान दुखतात.

हा आवाज नेमका कुणाला हलवतो? खेळाडूला, असं आपण धरून चालतो. पण फ्री थ्रोचे, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचे, आकडे पाहा. या फेकीच्या वेळी कुणी अडवायला नसतं, फक्त गर्दी समोर हात हलवत ओरडत असते. तरीही एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये वर्षानुवर्षं घरी आणि बाहेर ही फेक जवळपास सारखीच, सुमारे 76 टक्के वेळा जाते. मग शंका पंचांकडे वळते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगात 40 फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातल्या चेंडूसाठीच्या 47 झटापटी व्हिडिओवर दाखवल्या, काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाउल दिले. माझ्या मते यात पंचांची लबाडी नाही. निमिषात निर्णय घ्यायचा असतो आणि आवाज हाही त्यांच्यासाठी पुरावाच ठरतो. ज्युनियर आइस हॉकीच्या एका अभ्यासात तर प्रेक्षकांच्या संख्येपेक्षा किती जागा भरल्या याचा घरच्या यशाशी संबंध दिसला.

ओळखीच्या जागेचाही वाटा आहे. संशोधक रिचर्ड पोलार्ड यांनी 1987 ते 2001 मध्ये नव्या वास्तूत गेलेले बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीचे 37 व्यावसायिक संघ तपासले. शहर तेच, पण नव्या घरातल्या पहिल्या हंगामात घरचा फायदा घटलेला दिसला. रिंगमागे काय दिसतं, प्रकाश कसा पडतो, हे खेळाडूच्या अंगवळणी पडलेलं असतं. सिराक्यूज विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मुळात अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेल्या प्रचंड घुमटात खेळतो. 2019 मध्ये ड्यूकविरुद्ध तिथे 35,642 प्रेक्षक होते. छोट्या जिममध्ये वाढलेल्या खेळाडूला बास्केटमागची ती पोकळी नवीच असते.

जानेवारी 2000 मध्ये डीन स्मिथ सेंटरमध्ये एक प्रयोग आपोआप घडला. मोठ्या हिमवादळानंतर मेरीलँडविरुद्ध सामना होता आणि नेहमीचे तिकीटधारक रस्ते बंद असल्याने पोचू शकत नव्हते. विद्यापीठाने जे येतील त्यांना पुढे बसू दिलं. बर्फ तुडवत विद्यार्थी आले, कोर्टालगतच्या खुर्च्या त्यांनी बळकावल्या आणि ती वास्तू क्वचितच गाजली असेल अशी त्या रात्री गाजली. छप्पर तेच, भिंती त्याच, खुर्च्याही त्याच होत्या.